पडद्यापलीकडची सीट

धाऊ विमानात बसला याचं ज्ञानेश्वरला काहीच वाटलं नव्हतं. निदान तो तसं सांगायचा. धाऊ म्हणजे त्याचा साडू, वाशिंदचा. वाशिंदला बिल्डर आले, धाऊच्या भाताच्या दोन खाचरांवर चार मजली इमारत उभी राहिली, आणि दोन हजार चार साली धाऊ बायकोला घेऊन मुंबईहून दिल्लीला विमानानं जाऊन आला. बरं, गेला तर गेला, लोक जातात. पण हा माणूस दिल्लीहून आला तो अजून खाली उतरलाच नव्हता. प्रत्येक हळदीत, प्रत्येक साखरपुड्यात, एवढंच काय, एका दहाव्यालासुद्धा तो विमानातच बसलेला होता.

आणि सांगायचा काय, तर पडदा. विमानात म्हणे पुढच्या अंगाला एक पडदा असतो. त्याच्या पलीकडं मोठाल्या खुर्च्या, पाय लांब सोडून निजावं अशा. तिथं काचेच्या ताटात जेवण देतात. विमान उडालं की बाई येते आणि पडदा ओढून घेते, म्हणजे मागच्यांनी नुसतं बघायचंसुद्धा नाही. एवढं सांगून झालं की धाऊ लांब सुस्कारा टाकायचा आणि म्हणायचा, आपल्याला कोण बसवणार तिथं. यातला 'आपल्याला' म्हणताना तो नेमका ज्ञानेश्वरकडं बघायचा. आता बघायला मांडवात दोनशे माणसं असायची, पण धाऊची नजर कुठं थांबावी यावर कायदा थोडाच आहे.

ज्ञानेश्वर वाशिंदच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. घर शहापूरच्या बाहेर, हायवेपासून आत. पगार बेताचा, शेत पोटापुरतं, बायको अनिता शहाणी, मुलगी रेश्मा शिकलेली. देवानं माणसाला आणखी काय द्यावं? पण ज्ञानेश्वरनं त्या दहाव्याला, केळीच्या पानावर बसल्या बसल्या मनाशी ठरवलं, की विमानात बसायचं तर पडद्याच्या पलीकडंच बसायचं. आणि मग धाऊला सांगायचं. खरं तर सांगायचं हेच मुख्य होतं, बसणं त्यासाठीच.

तिकिटाची चौकशी केली तेव्हा कळलं, की पलीकडच्या दोन सिटांत घराला स्लॅब पडेल. ज्ञानेश्वर आठ दिवस गप्प होता. नवव्या दिवशी कल्याणला दुकानाबाहेर छत्री लावून बसलेल्या एका पोरीनं त्याला हाक मारली, सर, क्रेडिट कार्ड घ्या. उभ्या आयुष्यात त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. तो थांबला. पोरीनं सांगितलं, कार्डावर खरेदी करा, पॉइंट मिळतील, पॉइंट साठवा, साधं तिकीट काढा आणि पॉइंट देऊन पुढच्या सीटवर बसा. ज्ञानेश्वरनं विचारलं, पुढच्या म्हणजे पडद्याच्या पलीकडं? पोरीनं पडदा कधी बघितला नव्हता, पण कार्ड विकायचं होतं, म्हणून ती हो म्हणाली.

यापुढचे दोन महिने त्यानं कार्ड निवडण्यात घालवले. लोक सून बघायला एवढा वेळ घेत नाहीत. एक कार्ड निळं होतं, त्याला पेट्रोलवर जास्त पॉइंट. एक सोनेरी होतं, ते दाखवलं की विमानतळावर फुकट चहा-बिस्किट, पण वर्षाची फी एवढी की तेवढ्यात चहाचं हॉटेल निघालं असतं. एका कार्डाचे पॉइंट वर्षात संपायचे, एकाचे संपायचे नाहीत पण मिळायचेही नाहीत. ज्ञानेश्वर जेवणानंतर ते सगळे चकचकीत कागद ओटीवर मांडायचा आणि अनिताला वाचून दाखवायचा. अनिता तांदूळ निवडायची. शेवटी त्यानं विमानाचं चित्र असलेलं कार्ड घेतलं. शंभर रुपयांना चार पॉइंट, आणि कापडाच्या दुकानात दुप्पट. चाळीस हजार पॉइंट झाले की दोन माणसं दिल्लीला पुढच्या सीटवर जाऊन येऊन.

कार्ड आलं, पण ते चालवायचं कुठं? तेव्हा शहापुरात कार्डाचं मशीन शोधावं लागायचं. भाजीवालीकडं नाही, चक्कीवर नाही, खताच्या दुकानात नाही. अख्ख्या पंचक्रोशीत धड चालणारं मशीन हायवेवरच्या पेट्रोलपंपावर. मग ज्ञानेश्वर सुट्टीच्या दिवशी पंपावर उभा राहायला लागला. टेम्पोवाला आला की म्हणायचा, दादा, पैसे माझ्याकडं दे, तुझं डिझेल मी कार्डावर भरतो. निम्म्यांना वाटायचं हा ठग आहे आणि निम्म्यांना वाटायचं हा खुळा आहे. सहा महिन्यांत जेमतेम तीन हजार पॉइंट झाले, आणि पंपाच्या मालकानं एक दिवस त्याला हात जोडून घरी पाठवलं.

तिथून पुढं त्याला सुचलं ते मात्र डोकं चालल्याशिवाय सुचत नाही. त्याला बस्ता आठवला.

आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात बसून लग्नाचं कापड काढतात, त्याला बस्ता बांधणं म्हणतात. नवरीचा शालू नवऱ्याकडच्यांनी घ्यायचा, नवऱ्याचा पोशाख नवरीकडच्यांनी, आणि मग मामा, मावश्या, आत्या, करवल्या, भावकीतली सगळी मानाची माणसं, कुणाला साडी, कुणाला टॉवेल-टोपी. एकाचा मान चुकला तर तो माणूस पुढची वीस वर्षं तेच सांगत फिरतो. एका बस्त्याला कापड किती लागतं ते विचारू नका. आणि कापडाला पॉइंट दुप्पट.

आजवर सगळ्यांचे बस्ते शहापूरच्या बाजारातल्या जुन्या दुकानात व्हायचे. तिथला शेठ बायकांना नावानं ओळखायचा आणि रंग न विचारता काढून द्यायचा. पण त्याच्याकडं मशीन नव्हतं. ज्ञानेश्वरनं सगळ्या भावकीला पटवलं, की आता जमाना कल्याणचा आहे. कल्याणच्या दुकानात एसी असतो, कोल्ड्रिंक देतात, आरसे भिंतभर. आणि पैशाची जोखीम कशाला बाळगता, मी आहे ना, मी कार्डावर भरतो, तुम्ही मला घरी आल्यावर सावकाश द्या. असा भला माणूस कुणाला नको असतो?

दीड वर्षात त्यानं अकरा बस्ते बांधले. गावात कुणाची मुलगी बघायला आलेत म्हटलं की सगळ्यात आधी ज्ञानेश्वर पोचायचा. स्थळ मोडू नये म्हणून एवढी धडपड मुलीच्या बापानं केली नसेल. दुकानात तर त्याला उधाण यायचं. त्याची चुलती सकुबाई, सत्तरीची बाई, तिला साधं सुती लुगडं हवं होतं. ज्ञानेश्वरनं तिला रेशमी घ्यायला लावलं. म्हणाला, काकू, रंग कसा खुलतोय. सकुबाईनं ते एकदाही नेसलं नाही. घसरतंय म्हणायची. पण आठशे रुपयांचे चौसष्ट पॉइंट झाले होते आणि ते कुठंही घसरणार नव्हते.

लोक त्याला देवमाणूस म्हणायला लागले. अनिता ऐकायची आणि तांदूळ निवडायची. फक्त वीस हजार पॉइंट झाले, म्हणजे एका सीटपुरते, तेव्हा त्यानं तिला मोठ्या आनंदानं सांगितलं, आणि तिनं तांदळातला खडा बाजूला काढत विचारलं, "एकच सीट मिळाली तर पुढं कोण बसल?"

ज्ञानेश्वरनं याचा विचार आधीच केलेला होता, हीच तर पंचाईत. तो म्हणाला, "आधी मी बसून बघतो गो, कसं काय असतं. मंग पुढच्या येळेला तू."

अनितानं मान हलवली. त्यानंतर हजार-दोन हजार पॉइंट वाढले की ती तोच प्रश्न विचारायची, अगदी सहज, भाकरी उलटताना, नाहीतर विहिरीवरून येताना. ज्ञानेश्वर सांगायचा, एक नाय, दोन होतील, दोघं बसू. त्याला वाटायचं हिला विमानाची फार हौस लागली आहे.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत रेश्माचं लग्न ठरलं. मुलगा आदेश, मुरबाडचा, मोबाईलचं दुकान चालवायचा. त्याचे वडील महादूभाऊ मुरबाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर. सफारी घालणारा, हळू बोलणारा, समोरच्याला आधी पाणी देणारा माणूस. स्थळ सोन्यासारखं होतं. रेश्मा शहापुरात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. आदेश तिथं महिनाभर काहीतरी शिकायला येऊन काहीच न शिकता गेला होता, त्यामुळं पोरांचं आधीच ठरलेलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. रेश्मा घरात गुणगुणत फिरायची. बापानं तिला एवढं खूश कधी बघितलं नव्हतं.

बापही खूशच होता. त्याचे तेहतीस हजार झाले होते. सात हजार हवे होते. दुप्पट पॉइंटची सवलत मार्चअखेर संपत होती. बस्ता मार्चच्या शेवटच्या रविवारी ठरवला, म्हणजे ज्ञानेश्वरनंच ठरवला, मुहूर्त काढल्यासारखा. फक्त आपल्या वाटणीचं बिल भरून सात हजार होणार नव्हते, दोन्हीकडचं सगळं एका बिलात यायला हवं होतं. पण महादूभाऊसारखा भिडस्त माणूस, त्याला काय, मी भरतो म्हटलं की हो म्हणेल. मे महिन्यातली दिल्लीची दोन साधी तिकिटं तर ज्ञानेश्वरनं काढूनसुद्धा ठेवली होती. देव्हाऱ्यातच ठेवली होती.

बस्त्याला दोन जीप भरून माणसं कल्याणला गेली. पांढऱ्या गादीवर बायका मांडी घालून बसल्या, साड्यांचे ढीग पडले, कोल्ड्रिंक आलं. रेश्माचा शालू लगेच ठरला, डाळिंबी रंगाचा. महादूभाऊच्या बायकोनं, जनाबाईनं, तो स्वतःच्या हातानं रेश्माच्या मांडीवर ठेवला. दुपारी तीनपर्यंत सगळ्यांचे मान झाले. शेठनं आकडा केला, ब्याण्णव हजार. ज्ञानेश्वरनं मनात गुणलं आणि त्याला दिल्ली दिसली.

शेठनं रीतीप्रमाणं विचारलं, दोन बिलं करू ना? ज्ञानेश्वर म्हणाला, एकच करा, मी भरतो, महादूभाऊ मला मागाहून देतील. महादूभाऊ हसून म्हणाले, छे, तुम्ही कशाला, मी भरतो, तुम्ही द्या मागाहून. ज्ञानेश्वर म्हणाला, तुम्ही पाहुणे. महादूभाऊ म्हणाले, वरपक्षाचा मान असतो. पाचेक मिनिटं सगळ्यांना हे गोड वाटलं. सकुबाईनं तर डोळ्याला पदर लावला, की असे व्याही मिळायला भाग्य लागतं. बस्त्यात भांडणं सगळ्यांनी बघितली होती, पण ती तू भर, तू भर अशी. मी भरणार म्हणून भांडण कुणी बघितलं नव्हतं.

पण दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, कुणीच मागं हटेना. आवाज चढले. मुरबाडकडचा कुणी मामा म्हणाला, मुलीकडच्यांना पैशाचा माज आलाय, आम्ही काय भिकारी आहोत? शहापूरकडचा कुणी म्हणाला, आमची पोर विकत घेताय का, सगळं तुम्हीच भरायला? ज्ञानेश्वरनं खिशातून कार्ड काढलं आणि गल्ल्यावर टाकलं. महादूभाऊनंही सफारीच्या खिशात हात घातला आणि त्याच्या शेजारी आपलं कार्ड ठेवलं.

दोन्ही कार्डांवर तेच विमान होतं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सगळं कळलं. शहाणी माणसं असती तर तिथं हसली असती. पण एकदा कळल्यावर माघार घेणं आणखी कठीण झालं, कारण आता प्रत्येकाला दुसऱ्याचं पक्कं माहीत होतं. महादूभाऊचा हात, तो हळू बोलणाऱ्या माणसाचा हात, कार्डावर घट्ट दाबून होता. ज्ञानेश्वरचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे. आज बस्ताच नको."

बांधायला घेतलेला बस्ता टाकून उठणं म्हणजे लग्न मोडलं असंच समजतात. हे ज्ञानेश्वरला माहीत नव्हतं असं नाही, अकरा बस्ते बांधलेला माणूस तो. रेश्मा गादीवर बसली होती. मांडीवरचा डाळिंबी शालू तिनं हळूच घडी घालून खाली ठेवला. ते बघून आपण काय बोललो हे ज्ञानेश्वरला कळलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं हे कळेना, आणि कार्डावरचा हातही निघेना.

तेवढ्यात अनिता उठली. तिनं पिशवीतून कापडी पुडकं काढलं. नवऱ्याच्या त्या मशीनवर तिचा कधीच विश्वास नव्हता, आयत्या वेळी बंद पडलं तर म्हणून पोरीच्या बस्त्याला ती पैसे घेऊनच निघाली होती. आपल्या वाटणीचे पैसे मोजून तिनं शेठसमोर ठेवले. मग जनाबाईकडं बघितलं. जनाबाईनंही पदराआडून रुमालाची गाठ काढली, कारण तिचाही नवऱ्याच्या मशीनवर विश्वास नव्हता. दोन्ही विहिणींनी दोन बिलं भरली, रोख, जशी आजवर भरतात तशी. शेठ एवढा खूश झाला, की काय सांगू. मशीनवर बँक त्याचे पैसे कापायची. रोख दिलेत म्हणून त्यानं दोघींना एकेक साडी वर दिली.

अनितानं शालू उचलून परत रेश्माच्या मांडीवर ठेवला. बस्ता बांधला गेला. पॉइंट कुणालाच मिळाले नाहीत, एकसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर सगळी मंडळी रसवंतीवर बसली. महादूभाऊ ज्ञानेश्वरला जरा बाजूला घेऊन गेले. चेहरा पडलेला. म्हणाले, चुकलं माझं, हट्टाला पेटलो. मग रसाचा ग्लास हातात फिरवत त्यांनी सांगितलं, की एका सीटपुरते पॉइंट त्यांचे झाले होते, दुसरीचे आज झाले असते. लग्नानंतर पोरांना मनालीला पाठवायचं होतं, दिल्लीपर्यंत विमानानं. "मनात होतं, सून पहिल्यांदा इमानात बसल ती पुढच्या सीटवर बसल. माझी हौस हो, दुसरं काय नाय." आणि मग त्यांनी अगदी साध्या मनानं विचारलं, "तुमी कुणासाठी जमवीत व्हता?"

आता काय सांगायचं? सांगायचं, की मी माझ्यासाठी? धाऊला जळवायला? परका माणूस माझ्या पोरीसाठी जमवत होता, आणि मी बाप असून तिचं लग्न मोडायला निघालो होतो ते स्वतःच्या बुडाखालच्या खुर्चीसाठी? ज्ञानेश्वरला खरोखर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस खरं बोलतो असं कुणी सांगितलं?

"मी पण पोरांसाठीच," तो म्हणाला.

महादूभाऊच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ज्ञानेश्वरला मिठी मारली, रसाच्या ग्लासासकट. मग सगळ्या मंडळींना मोठ्यानं सांगितलं, की व्याही माझ्याहून मोठ्या मनाचा निघाला, एक सीट माझी, एक त्याची, पोरं दोघं पुढं बसणार. हळू बोलणारा माणूस नेमका इथं मोठ्यानं बोलला. रेश्मा धावत येऊन बापाला बिलगली. अनिता रस पीत होती. ती ज्ञानेश्वरकडं बघत राहिली. तिचं ते बघणं त्याला घरापर्यंत पुरलं.

लग्न झालं. मे महिन्यात पोरं निघाली, एक सीट मुरबाडच्या पॉइंटवर, एक शहापूरच्या. ज्ञानेश्वरनं काढून ठेवलेल्या दोन साध्या तिकिटांवरची नावं बदलता येत नव्हती, म्हणून ती रद्द केली. त्यात अर्धे पैसे गेले. उरलेल्या तेरा हजार पॉइंटांत विमान काही येत नव्हतं, म्हणून बँकेच्या यादीतून सँडविच भाजायचं यंत्र मागवलं. घरात भाकरी. ते फडताळावर पिठाच्या डब्याशेजारी बसलं.

आणि एक सांगायचं राहिलं. नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरचं कुणीतरी पाठराखीण म्हणून जातं. ही रीत सासरी जाण्यापुरती आहे, मनालीला जाण्यापुरती नाही. पण रेश्माची मावशी काशी, म्हणजे अनिताची थोरली बहीण, म्हणजे धाऊची बायको, तिनं ठरवलं की पोरं पहिल्यांदा विमानात बसणार, सोबत नको? धाऊला विमानाची माहिती आहे. आम्ही दिल्लीपर्यंत सोबत करतो, तिथून आम्ही हरिद्वारला जाऊ, येताना परत बरोबर येऊ. आदेशच्या तोंडचं पाणी पळालं, पण मावससासूला नको कोण म्हणणार? ज्ञानेश्वरला मात्र हे फार आवडलं. कितीतरी दिवसांनी त्याला पोटभर जेवण गेलं. धाऊ मागं बसणार, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ज्ञानेश्वरची पोरगी पडद्याआड जाणार. स्वतः बसण्यापेक्षा हे काही कमी नव्हतं.

बारा दिवसांनी पोरं परत आली ती आधी शहापूरला आली. ओटीवर पाणी दिलं, चहा ठेवला. ज्ञानेश्वर पिढं ओढून रेश्मासमोर बसला आणि म्हणाला, सांग.

रेश्मानं सांगितलं. खुर्ची खरंच मोठी. काचेच्या ताटात जेवण, हात पुसायला गरम रुमाल, पाय लांब सोडता येतात. ज्ञानेश्वर मान डोलवत होता. मग ती थोडी थांबली आणि आदेशकडं बघून हसली. म्हणाली, "पन बाबा, दोन खुर्च्यांच्या मधी एवढं रुंद ठोकळं असतं, हात पन पुरत नाय. इमान वर जाताना मला भ्याव वाटलं, तर धरायला कोन नाय. म्हनून येताना आमी मागंच बसलो."

"मागं?"

"मागं चिकटून बसायला मिळतं. बाई आधी नको म्हनाली, मंग आमच्याकडं बघून हसली आनि हो म्हनाली."

ज्ञानेश्वर पिढ्यावरून पुढं सरकला. त्यानं विचारलं, "मंग पुढं कोन बसलं?"

"मावशी आनि काका," रेश्मा म्हणाली. "मावशीचं गुडघं दुखत व्हतं ना. म्हटलं, मोठी मानसं हायत, बसू देत. काका तर इतके खूश झाले, बाई यायच्या आधी त्यांनीच पडदा ओढून घेतला."

अकरा बस्ते, पंपावरचं ते उन्हातलं उभं राहणं, सकुबाईचं रेशमी लुगडं, सगळं एका रांगेत ज्ञानेश्वरच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि पडद्याआड जाऊन धाऊच्या शेजारी बसलं. चुलीपाशी अनिता होती. आधी नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज आला, आणि मग ती हसायला लागली. लग्न झाल्यापासून ती एवढी हसली नसेल. डोळे पुसत ती ओटीवर आली आणि म्हणाली, "वरीसभर इचारत व्हते मी, पुढं कोन बसल. बसले बघा आमचे दाजी."

ज्ञानेश्वरला रागच यायचा होता, आलाही होता. पण समोर बाकड्यावर रेश्मा आणि आदेश बसले होते. बाकडं चांगलं लांब होतं, चार माणसांचं, आणि ती दोघं त्याच्या एका टोकाला एवढी चिकटून बसली होती की उरलेलं बाकडं रिकामं पडलं होतं. ज्ञानेश्वर त्या रिकाम्या बाकड्याकडं बराच वेळ बघत राहिला. बरं केलंत, तो म्हणाला, आणि आपण हे खरं बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

वळणावर मोटरसायकलचा आवाज आला. धाऊची होती, लांबूनच ओळखू यायची. एवढ्या उन्हात वाशिंदहून तो कशाला आला असेल हे कुणाला सांगायला नको होतं. आता प्रत्येक हळदीत, प्रत्येक साखरपुड्यात, आणि हा माणूस जिवंत असेपर्यंत, पडद्यापलीकडचं सगळं ज्ञानेश्वरला धाऊच्याच तोंडून ऐकायचं होतं. तो पिढं सोडून उठला आणि जाऊन बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

अनितानं आत जाऊन आधणात आणखी कपभर पाणी घातलं आणि परत आली. "सरका जरा," ती म्हणाली.

"जागा हाय की तिकडं."

"असू दे. एकट्यानं नका आयकू, मी पन बसते."

ज्ञानेश्वर सरकला. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. धाऊनं पायरीशी चपला काढल्या, आणि आत यायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.